पाल्याच्या आधी ऊन

आमच्या संस्थेनं छापून दिलेल्या तक्त्यात पाच रकाने होते: गाव, धान्य, वापरलेला पदार्थ, त्याचं प्रमाण आणि धान्य किती महिने टिकलं. सोलापूर आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांमधून धान्य साठवायच्या जुन्या पद्धती गोळा करायच्या, असं काम होतं. मी कीटकशास्त्र शिकलेली, म्हणून ते माझ्याकडं आलं. तक्ता भरायला अगदी सोपा. कडुनिंबाचा पाला, राख, बिब्बे, एरंडेल, वेखंड, निरगुडी. पहिल्या गावातच निम्मी नावं मिळाली आणि पुढच्या प्रत्येक गावात तीच पुन्हा येत राहिली. पण एक गोष्ट काही केल्या जुळत नव्हती. एकाच गल्लीतली दोन घरं, दोघींनीही वेशीवरच्या त्याच झाडाचा पाला घातलेला. एकीची ज्वारी दिवाळीपर्यंत खडखडीत, तर शेजारणीच्या पोत्याच्या बुडाशी पोळ्याच्या आतच मूठभर भुसा साचलेला. माझ्या तक्त्यात मात्र दोघींच्या ओळी सारख्याच.

पुरुषमंडळींकडून या कोड्याला उत्तर मिळण्यासारखं नव्हतं. खत, बी, पाणी, भाव यांवर ते तासभर बोलायचे. धान्य घरात कसं ठेवता, असं विचारलं की, "ते घरातलं, घरात विचारा," म्हणून मोकळे. खळ्यावर रास होईपर्यंत धान्य त्यांचं, उंबऱ्याच्या आत आलं की बायकांचं, अशी ती सरळ वाटणी होती. घरात गेलं तर तिथंही पहिल्या भेटीत पाल्याचीच नावं मिळायची, कारण प्रश्नच तसा होता. मंगळवेढा तालुक्यातल्या एका आजींनी शेवटी मला थांबवलं. "मघाधरनं काय घालता, काय घालता म्हणून इचारतीस. कवा घालता ते इचार की."

मग आजींनी जे सांगितलं त्यात पाला पार शेवटी आला, तोही माझ्या समाधानापुरता.

शाळूची सुगी फाल्गुनातली. मळणी-उफणणी होऊन रास घरी आली तरी ती लगेच भरायची नाही. चैत्र-वैशाखाची उन्हं तिच्यासाठी राखलेली असतात. सारवलेल्या अंगणात बोटभर जाडीचा थर पसरायचा आणि अधूनमधून त्यातून पाय ओढत चालायचं, म्हणजे तास पडतात, खालचा दाणा वर येतो. हे काम पोरांना आवडायचं म्हणून पोरांकडं. अंगण मात्र घराच्या भिंतीपासून लांबचं हवं. तापायला लागलं की धान्यातले किडे सावली शोधत चालू लागतात. भिंत जवळ असली तर ते भिंतीच्या भेगांत शिरतात आणि धान्य परत आत नेलं की मागोमाग येतात. मोकळ्यावर पसरलं तर वाटेतच कोंबड्या आणि चिमण्या त्यांचा निकाल लावतात. आजींची कोंबडी पसरलेल्या ज्वारीच्या कडेकडेनंच फिरत होती, मधे येत नव्हती. तिला कळलेलं दिसत होतं.

वाळलं की नाही हे दात सांगतो. दाणा दाताखाली कट्टकन तुटला तर झालं. चेपला, तर अजून एक ऊन. माझ्या पिशवीत ओलावा मोजायचं यंत्र असायचं. साठवणीच्या धान्यात १० ते १२ टक्क्यांच्या वर ओल नको, असं आम्हाला शिकवलेलं. आजींना पुढचे मोजके दात उरले होते, तरी त्यांचं आणि यंत्राचं फारसं वाजलं नाही. या कोरडेपणातच अर्धी लढाई जिंकली जाते. सोंड्या किड्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून टाकते. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. अळी आतच पोसते, आतच कोष करते आणि साधारण महिन्याभरानं सोंडवाला किडा भोक पाडून बाहेर पडतो. हे सगळं व्हायला दाण्यात ओल लागते. कडक वाळलेल्या दाण्यात त्याची पिलावळ वाढत नाही.

उन्हातून उचललेलं धान्य गरमागरम भरायचं नाही, हे आजींनी दोनदा बजावलं. संध्याकाळी गोळा करायचं, रात्रभर घरात उघडं निवू द्यायचं, मग भरायचं. गरम भरलं तर "त्येला घाम येतो." येतोच. गरम हवेतली वाफ वरच्या थंड थरात पाणी होऊन बसते, तिथं आधी बुरशी धरते, मग कीड. आणि हे सगळं मृगाच्या आत उरकलं पाहिजे. मृगाचा पाऊस पडल्यावर हवाच दमट होते. त्यानंतर कितीही उन्हात टाका, दाणा वाळण्यापेक्षा ओल जास्त ओढतो.

आता पाला केव्हा, ते. तो कोवळा चालत नाही, उन्हात वाळवलेलाही चालत नाही. सावलीत वाळवायचा, चुरगळला की कुरकुरला पाहिजे. ओलसर पाला म्हणजे धान्यात आपल्या हातानं पाणी घालणं. उन्हात वाळवायचा नाही, त्याला कारण आहे: कडुनिंबातलं जे मुख्य द्रव्य कीटकांना नको असतं, ते उन्हानं विरतं. आजींना द्रव्याचं नाव ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं.

मी पुढं औसा तालुक्यात गेले तेव्हा हाच धागा धरून विचारायला लागले. कधी? त्याआधी काय? त्यानंतर काय? मग तक्ता बाजूला राहिला आणि वह्या भरू लागल्या.

तिथल्या एका काकूंच्या माजघरात तुराट्यांची कणगी होती. शेण, माती आणि गव्हाचा भुसा कालवून आतून-बाहेरून लिंपलेली, चार दगडांवर ठेवलेली, भिंतीपासून हातभर सुटी. बुडाशी मूठभर रुंदीचं तोंड आणि त्यात चिंधीचा बोळा. लागेल तशी ज्वारी बोळा काढून खालून घ्यायची. वरचं झाकण लिंपून बंद केलेलं असतं, ते मधे उघडायचंच नाही. रोज वरून झाकण उघडून आदली बुडवणाऱ्या घरात पतंग आत शिरायला रोज एक वाट मिळते. खालून काढणाऱ्या घरात ती मिळत नाही. भिंतीपासून हातभर अंतर उंदरांसाठी आणि ओलीसाठी. काकूंनी हे सगळं मला समजावून सांगितलं नाही. मी कणगी भिंतीला का टेकवत नाही, असं विचारलं तेव्हा त्यांनी नुसता भिंतीवर तळवा ठेवून दाखवला. श्रावण होता, भिंत गार आणि दमट लागत होती.

कणगी रिकामी झाली की तिची खरी निगा सुरू होते. उन्हात काढायची, आत निंबाच्या पाल्याची धुरी द्यायची आणि सगळ्या भेगा नव्यानं लिंपायच्या. ही भेगांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. खापरा भुंगेऱ्याची अळी भेगेत दडून अन्नावाचून वर्षानुवर्षं तग धरू शकते. नवं धान्य आलं की जागी होते. आपल्याला वाटतं कीड नव्या धान्याबरोबर आली, ती असते मागच्या वर्षीची. म्हणूनच "जुन्यावर नवं ओतू नये" हा नियम. कणगीत चार पायली जुनी ज्वारी उरली असेल तर ती आधी काढून वेगळी ठेवायची, आधी खायची. पोत्यांनाही तेच लागू. जुनी पोती उलटी करून उकळत्या पाण्यातून काढायची आणि कडक उन्हात वाळवायची. शेजारणीच्या पोत्याच्या बुडाशी भुसा का साचला, याचं उत्तर मला बहुतेक घरी इथंच मिळालं: पाला ताजा होता, पोतं जुनं होतं.

काकूंची आणखी एक सवय होती. दर चार-आठ दिवसांनी, जाता-येता, त्या उघड्या पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसायच्या आणि क्षणभर तसाच ठेवायच्या. आत ऊब लागली तर पोतं त्याच दिवशी अंगणात. किडे वाढू लागले की त्यांच्या श्वासोच्छ्वासानं धान्य आतून तापतं, वरचा थर मात्र दिसायला चांगला असतो. किडा डोळ्यांना दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो. हाताला तो आधी लागतो. मोठ्या गोदामांत यासाठी धान्यात तापमापक खुपसून ठेवतात. कोइमतूरच्या तामिळनाडू कृषी विद्यापीठानं काढलेला एक सापळाही आहे, भोकं पाडलेली नळी. ती धान्यात उभी खोचायची, किडे भोकांतून आत शिरतात आणि खालच्या नरसाळ्यात पडतात. मी अशा नळ्या काही घरांत दिल्या. चांगल्या चालल्या. काकूंनी नळी घेतली, वापरली आणि हात खुपसायची सवयही सोडली नाही.

कडधान्याचं प्रकरण वेगळं आणि जास्त नाजूक. लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संस्थेनं २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काढणीपासून साठवणीपर्यंतची सगळी गळती मोजली आहे: तृणधान्यांत ४.६५ ते ५.९९ टक्के, कडधान्यांत ६.३६ ते ८.४१ टक्के. गावात हे आकडे कुणाला माहीत नव्हते, पण ज्वारीपेक्षा मुगा-चवळीला जास्त जपावं लागतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. निलंग्याकडच्या एका घरी मूग निवडत बसलेल्या वहिनींच्या सुपातला एक दाणा मी भिंगाखाली धरला. हिरव्या सालीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके, घट्ट चिकटलेले. वहिनींनी भिंग न घेताच सांगितलं, "मुगाला लिखा धरल्यात, मॅडम." भुंगेऱ्याची अंडीच ती. उवांच्या लिखा केसाला चिकटाव्यात तशीच दाण्याला डकवलेली. अळी अंड्यातून बाहेर येतच नाही. अंड्याच्या बुडातून थेट दाण्यात शिरते. तीन-चार आठवडे आत पोखरते आणि बाहेर यायच्या आधी सालीखाली गोल खिडकी कोरून ठेवते. भुंगा निघाला की तिथं ते ओळखीचं वाटोळं भोक दिसतं.

हा भुंगा साठवणीच्या खोलीतच जन्मतो असा समज सगळीकडं आहे. खरं तर शेंग शेतात पिकत असतानाच मादी तिच्यावर अंडी घालून जाते. म्हणजे कीड घरात शिरत नाही, आपणच ती पोत्यात घालून आणतो. वहिनींच्या सासूबाई म्हणूनच मूग-चवळी घरात घ्यायच्या आधी भर दुपारच्या उन्हात पत्र्यावर टाकायच्या. वैशाखातला पत्रा असा तापतो की पाय ठेववत नाही. आतल्या अळ्या तिथंच मरतात. ज्वारी नुसती वाळवायची असते, मूग भाजल्यासारखे तापवायचे असतात. उन्हाचे हे दोन वेगळे उपयोग आहेत आणि बायका ते वेगळे ठेवतात.

त्यानंतर राख. गोवऱ्यांची, थंड झालेली, वस्त्रगाळ केलेली. मडक्यात मूग आणि राख कालवून भरायची, वर चार बोटं नुसत्या राखेचा थर आणि तोंडाला फडकं बांधून वर शेणमाती. राखेला मी खूप मानते. ती दाण्यांमधल्या फटी बुजवते, त्यामुळं भुंग्याला दाण्यावरून दाण्यावर जाता येत नाही, नर-मादीची गाठ पडत नाही. शिवाय किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, तो राखेच्या कणांनी खरवडतो आणि किडा अंगातलं पाणी गमावून वाळतो. याला विष लागत नाही आणि किडा त्याला सरावतही नाही. तोटा एवढाच, की राख घातलेलं धान्य खायला काढायचं तर पाखडा, धुवा, पुन्हा वाळवा. म्हणून राख मुख्यतः बियाण्याला.

खायच्या डाळीला एरंडेल. किलोला चमचाभर, दोन्ही हातांनी चोळून. तेलाचा पातळ थर अंड्यावर बसला की आतल्या जिवाला हवा मिळत नाही. तुरीची तर उन्हाळ्यातच भरडून डाळ करून ठेवतात. भुंगेऱ्याला अख्खा दाणा लागतो, फुटक्या डाळीवर त्याची पैदास नीट होत नाही. भरडण्यामागं स्वयंपाकाची सोय असते, तसा हाही हिशेब असतो. शहरातल्या आपल्या घरांमध्ये तांदळाला बोरिक पावडर लावतात, ती यातलीच नवी भर. चालते, पण तांदूळ तीन-चार पाण्यांनी खळखळून धुतलाच पाहिजे. पाऱ्याच्या टिकड्या मात्र धान्यात ठेवूच नयेत. पारा हे विष आहे, मग त्याला कुणी आयुर्वेदिक म्हणो नाहीतर घरगुती.

पाल्याबद्दल आता माझं मत सांगते. कडुनिंबाचा पाला एकटा काही करत नाही. निंबोळीत जेवढा कस असतो तेवढा पाल्यात नसतो. पोत्याच्या तोंडाशी मूठभर पाला टाकणं म्हणजे मनाचं समाधान. थराथरानं, भरपूर, वाळलेला घातला तर तो किड्यांना बाहेर ठेवायला मदत करतो, आधीच आत असलेल्यांना मारत नाही. वेखंडाचा गुण त्याहून बरा. त्यातल्या तेलानं काही किड्यांची वीण थांबते असं प्रयोगांत दिसलेलं आहे. बिब्ब्यांवर पुष्कळांचा विश्वास आहे, मला त्यांचा परिणाम कधी स्पष्ट दिसला नाही. अमावास्येला भरलेल्या धान्याला कीड लागत नाही, असंही सगळीकडं सांगतात. अमावास्येचं कारण मला पटत नाही. पण वैशाखातली अमावास्या गाठायची म्हणून वाळवणं वेळेवर उरकतं, हे मी बघितलं आहे. तेवढ्यापुरती अमावास्या चालू द्यावी.

आमच्या संस्थेच्या पुस्तिकेत मात्र पाल्याचीच पानं जास्त आली. पदार्थाची यादी करता येते, त्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, छायाचित्र छापता येतं. पाय ओढत चालणं, भिंतीवर तळवा ठेवणं, पोत्यात हात खुपसून उभं राहणं, हे रकान्यात बसत नाही. कडुनिंबाच्या तेलावरचं पेटंट युरोपीय पेटंट कार्यालयानं २००५ साली कायमचं रद्द केलं तेव्हा आपल्याकडं मोठा आनंद झाला, तो योग्यच होता. मला तेव्हा वाटलं, पेटंट घ्यायला आणि ते मोडायलाही एखादा पदार्थच लागतो. निगराणीवर कुणी पेटंट मागत नाही, म्हणून ती गेली तरी ओरड होत नाही.

पेवांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ज्वारीच्या पट्ट्यात पेव म्हणजे गावाची ठेव. गावठाणातल्या पांढऱ्या मातीत, मुरमात खोदलेलं, तोंड एका माणसापुरतं अरुंद, खाली पोट मोठं. तळाला आणि कडेनं कडब्याचा जाड थर लावून ज्वारी ओतायची, वर पुन्हा कडबा, मग दगड, मग माती. पाणी साचू नये म्हणून वर थोडा उंचवटा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दुष्काळात संत दामाजीपंतांनी कोठारं खुली केली ती याच गावात. साठवणीची इतकी जुनी आठवण सांगणारी गावं थोडी.

पेवाचं शास्त्र अगदी सरळ आहे. आतले किडे आणि खुद्द दाणेही श्वास घेतात, प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साठतो आणि किडे मरतात. कुठला पाला नाही, कुठली पूड नाही. गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या लॅरी मर्डॉक या कीटकशास्त्रज्ञांनी आफ्रिकेत, कॅमेरूनमध्ये, चवळीसाठी याच तत्त्वावर पिशवी तयार केली: आत प्लास्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेलं पोतं. त्यांच्या गटानं पुढं दाखवून दिलं की प्राणवायू कमी झाला की भुंगे खाणं थांबवतात, आणि खाल्लेल्या अन्नातून शरीरात तयार होणारं पाणी मिळेनासं झालं की तहानेनं मरतात. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा पेवातली ज्वारी आठवली.

तरी पेवाचं नुसतं कौतुक करण्यात अर्थ नाही. कडेची ज्वारी दरवर्षी थोडीफार सडतेच. पेवातल्या ज्वारीला वास येतो, भाकरीत तो कळतो. तिचं बी उगवायला कमजोर, त्यामुळं बियाणं कुणी पेवात ठेवत नसे. आणि पेव जीव घेतं. उघडल्यावर बराच वेळ तसंच ठेवायचं, मग पेटता दिवा दोरीनं आत सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरत नाही. हा नियम ज्यांनी घाईत मोडला त्यांच्या बातम्या आपण वाचत आलो आहोत. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात हळदीची पेवं आहेत. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं राहते आणि तिचा रंग टिकतो. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं पाण्यात गेली. नवं पेव खोदण्याइतका पैसा आणि वेळ आता कुणाकडं आहे?

बियाण्याची व्यवस्था धान्यापासून पूर्ण वेगळी होती, हेही तक्त्यात नव्हतं. निवडक कणसं दाण्यासकट चुलीवरच्या आढ्याला टांगायची. वर्षभर धूर आणि ऊब लागून ती काळी पडायची, पण पेरणीला दाणा न दाणा उगवायचा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ती अशाच गावरान बियाण्यांच्या जतनासाठी. त्यांच्या बीजबँकेत मातीची मडकी आणि राख आजही कामाला आहेत. मात्र गॅसची शेगडी आल्यावर आढ्याखालचा धूर गेला आणि धुरावर अवलंबून असलेली बी ठेवायची पद्धतही गेली. धूर गेला हे चांगलंच झालं; बायकांच्या छातीत तो किती गेला होता, ते मी त्यांच्या खोकल्यात ऐकलं आहे.

घाटाकडच्या भागात गेलं की हे सगळं अजून वेगळं दिसतं. तिथं भात तुसासकट ठेवतात आणि लागेल तसा कांडतात. तूस शाबूत असेल तर किड्याला आत शिरायला सहज वाट सापडत नाही. नाचणीला तर फारसं काही करावंच लागत नाही. दाणा इतका बारीक, की सोंड्याच्या अळीला त्यात मावायला जागा नाही. ती वर्षानुवर्षं टिकते. पूर्वी नाचणीवर दुष्काळाचा भरवसा ठेवत, तो उगीच नव्हे.

आमच्या भागात १९६४ च्या सीएसएच-१ पासून संकरित ज्वारी आली. पीक भरघोस, पण दाणा मऊ, आणि खरिपात कणसावर पाऊस पडला की काळा. मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेली मालदांडी कडक दाण्याची. "हायब्रीडला सोंड्या वाटच बगत आसतो," असं आजी म्हणायच्या, आणि ते खरंच आहे. दाण्याचा कडकपणा हे किडीपासूनचं पहिलं कवच असतं. पुढं लातूरकडं सोयाबीन आलं. ते कुणी घरात खायला ठेवत नाही, भाव येईपर्यंत पोत्यात पडतं आणि जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीच्या परिसरात माळवदाची घरं गेली, त्यांच्याबरोबर भिंतींतली धान्याची बळदं गेली. नव्या घरांत कणगीला कोपरा नाही. पत्र्याच्या कोठ्या आल्या. कोठी उंदरांना पुरून उरते, त्यात वाद नाही. पण ती उन्हाच्या भिंतीला टेकवून ठेवली, की दिवसा तापते, रात्री गार होते आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात. वरची चार बोटं ज्वारी तिथंच खराब होते. कोठीचं अनुदान मिळतं, ती कुठं ठेवायची हे सांगणारं कुणी येत नाही.

हे सगळं मोडायला निव्वळ आळस कारणीभूत आहे असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वर्षाचं धान्य तीनदा उन्हात घालायचं, पाय ओढायचे, उचलायचं, पाखडायचं, कणगी लिंपायची, पोती उकळायची, ही सगळी मजुरी बायकांनी फुकट केली. आज त्यांच्या सुना शेतमजुरीला, शिवणकामाला, अंगणवाडीला जातात. ज्वारी महिन्याची विकत आणणं त्यांना परवडतं, आणि त्यात चूक काय? रेशनचा तांदूळ-गहू महिन्याला येतो. वर्षाचं भरून ठेवायची गरजच उरत नाही. जुनी रीत टिकावी असं वाटत असेल, तर आधी त्या उन्हातल्या कामाला घरातले पुरुष लागले पाहिजेत. पुस्तिका छापून ते होत नाही.

ज्यांच्याकडं अजून वर्षाचं धान्य भरतात, शहरातले असोत की गावातले, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. गव्हा-ज्वारीची पोती मे महिन्यात घ्या आणि पावसाच्या आधी दोन कडक उन्हं दाखवा. रात्रभर निवू द्या. डबा किंवा कोठी आधी रिकामी करून उन्हात तापवा, जुनं धान्य नव्यात मिसळू नका, कोठी भिंतीपासून दूर ठेवा आणि पंधरा दिवसांनी एकदा आत हात घालून बघा. एवढं केलं तर पाला घातला काय, न घातला काय, फार फरक पडत नाही. एवढं करायला वेळ नसेल तर महिन्या-महिन्याला लागेल तेवढंच आणा. त्यात काही कमीपणा नाही.

आणि एक गोष्ट करू नका. कीड लागली म्हणून दुकानातून गॅसच्या गोळ्या आणून घरातल्या पोत्यांत ठेवू नका. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या या गोळ्या हवेतल्या ओलीनंही वायू सोडतात. तो झोपायच्या खोलीत शिरला तर माणसं दगावतात, आणि गोळी पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही. कायद्यानंच ती फक्त परवानाधारकांनी, जाणत्याच्या देखरेखीखाली वापरायची आहे, तरी गावोगाव सुटी मिळते. कुणी दिली तर घेऊ नका, घरात आधीची असेल तर उघडू नका. पोतं अंगणात काढा, घरापासून लांब पसरा आणि दुपारभर उन्हात राहू द्या.